वकीलपत्र आणि विवेक : फली नरिमन यांची सात दशके

(तरुण वकिलांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दुसऱ्याची बाजू मांडणे हेच ज्या व्यवसायात कर्तव्य समजले जाते, त्या व्यवसायातील माणसाची स्वतःची बाजू कोणती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वकिलाच्या निधनानंतर त्याने जिंकलेल्या खटल्यांची यादी छापून येते, त्याच्या युक्तिवादाच्या आठवणी सांगितल्या जातात आणि त्याच्या स्मरणशक्तीचे कौतुक होते. त्याने कोणते वकीलपत्र घेतले, कोणते परत केले आणि कोणते घ्यावयास नको होते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. वस्तुतः वकिलाच्या सार्वजनिक आयुष्याचे मोल ठरवावयाचे तर तेच खरे माप आहे.

फली सॅम नरिमन यांचे २१ फेब्रुवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे वयाच्या पंचाण्णव वर्षांनंतर निधन झाले. १९५० साली मुंबईत सुरू झालेली त्यांची वकिली सत्तर वर्षांहून अधिक काळ चालली. १९९१ ते २०१० अशी एकोणीस वर्षे ते बार असोसिएशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्यत्व असे सर्व सन्मान त्यांना मिळाले. परंतु या सन्मानांपेक्षा त्यांच्या आयुष्यातील चार प्रसंग अधिक बोलके आहेत. १९७५ साली त्यांनी एक पद सोडले. १९८४ नंतर एका अशिलाचे वकीलपत्र घेतले. १९९८ साली एका सरकारचे वकीलपत्र टाकून दिले. आणि २०१६ साली दुसऱ्या एका सरकारच्या वतीने बोलण्यास नकार दिला. या चार प्रसंगांत भारतीय वकीलवर्गाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही उघड होतात.

मुंबईची शाळा

नरिमन यांचा जन्म १० जानेवारी १९२९ रोजी रंगून येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील विमा कंपनीत अधिकारी होते. १९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसले तेव्हा हजारो भारतीयांप्रमाणे हे कुटुंबही जंगलवाटांनी भारतात आले. सिमल्याची शाळा, मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि नंतर शासकीय विधी महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. ज्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले होते, तेच हे महाविद्यालय. आणि ज्या वर्षी राज्यघटना अंमलात आली, त्याच वर्षी नरिमन वकील झाले. त्यांची पिढी ही घटनेबरोबर व्यवसायात उतरलेली पहिली पिढी होय.

त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत दुहेरी पद्धत होती. अशिलाची गाठ सॉलिसिटरशी पडे; कागदपत्रे सॉलिसिटर तयार करी; आणि न्यायालयात उभा राहून बोलणारा वकील वेगळा असे. या पद्धतीत खर्च दुप्पट होई, ही तिची एक बाजू. दुसरी बाजू अशी की न्यायालयात बोलणारा वकील अशिलाच्या रोजच्या धाकापासून काहीसा दूर राही, आणि आपले पहिले कर्तव्य न्यायालयाप्रति आहे हा संस्कार त्याच्यावर होई. नरिमन ज्या चेंबरमध्ये घडले ते सर जमशेटजी कांगा यांचे चेंबर या संस्काराचे मोठे केंद्र होते. एच. एम. सीरवाई, नानी पालखीवाला, सोली सोराबजी हे त्याच चेंबरमधून पुढे आले. पुढील काळातील घटनात्मक लढ्यांत हे सर्वजण कधी एकमेकांच्या बाजूस तर कधी परस्परांविरुद्ध उभे राहिले. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात मूलभूत हक्कांच्या बाजूने हस्तक्षेप करणाऱ्यांच्या वतीने नरिमन उभे होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गोलकनाथ खटल्याचे मूळ जमीनधारणेच्या मर्यादेत होते. कुळकायदे, जमीनसुधारणा, बँकांचे राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे या सर्व प्रश्नांवर मुंबईच्या नामांकित वकीलवर्गाचे वजन बहुधा मालमत्तेच्या पारड्यात पडले. समाजवादी चळवळीला या वर्गाविषयी जो अविश्वास वाटे तो निराधार नव्हता. मालमत्तेच्या हक्कासाठी घटनेचा आधार घेणारी ही मंडळी माणसाच्या हक्कासाठी घटनेचा आधार घेतील काय, हा प्रश्न तेव्हा विचारला जात असे. त्याचे उत्तर देण्याची वेळ १९७५ साली आली.

पद सोडण्याचा दिवस

मे १९७२ मध्ये नरिमन केंद्र सरकारचे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाले आणि मुंबई सोडून दिल्लीस गेले. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल १९७३ रोजी, केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. आणि लगेच दुसऱ्या दिवशी शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले. देशभरच्या वकीलसंघांनी याचा निषेध केला. नरिमन त्या वेळी सरकारच्या पदावर होते आणि पदावर राहिले. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्याने ही नोंद गाळू नये, कारण तिच्यामुळे पुढच्या कृतीचे मोल कमी होत नाही. तीन न्यायाधीशांच्या ज्येष्ठतेचा प्रश्न एका सरकारी वकिलाला कदाचित पद सोडण्याइतका मोठा वाटला नसेल. लोकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र वाटला.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. नरिमन तेव्हा मुंबईत होते. त्यांनी २७ जून रोजी राजीनामा दिला. त्यांनी ज्यांना तो कळविला ते कायदामंत्री ह. रा. गोखले हेही एके काळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. एकाच न्यायालयाच्या परंपरेतून आलेल्या दोन माणसांपैकी एकाने आणीबाणीचे कायदे लिहिले आणि दुसऱ्याने त्यांचे समर्थन करण्यास नकार दिला. तेव्हा केवळ परंपरा माणसाला वाचवीत नाही. निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागतो. पालखीवालांनीही याच सुमारास इंदिरा गांधींच्या निवडणूक अपिलाचे वकीलपत्र परत केले.

हा राजीनामा पन्नास वर्षांनंतर पाहताना सोपा वाटतो. त्या वेळी वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती; अशा बातमीला प्रसिद्धी मिळण्याचा संभव नव्हता, त्यामुळे हौतात्म्याचे श्रेयही मिळण्याजोगे नव्हते. नरिमन तुरुंगात गेले नाहीत, हे खरे. मधू लिमये, मृणाल गोरे यांच्यासारखे कार्यकर्ते तुरुंगात होते. स्नेहलता रेड्डी बंगलोरच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटल्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये मरण पावल्या. त्यांच्या यातनांच्या शेजारी एका वकिलाचा राजीनामा ठेवून त्यांची तुलना करणे अप्रस्तुत होईल. परंतु हुकूमशाही केवळ पोलिसांच्या बळावर चालत नाही. अटकेचा हुकूम कायदेशीर आहे असे न्यायालयात उभे राहून सांगणारा विद्वान माणूस तिला लागतोच. असा एक माणूस त्या दिवशी कमी झाला.

तो कमी होण्याचा अर्थ काय, हे बंदी प्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात दिसले. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते, असे देशातील नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ॲटर्नी जनरल निरेन डे आपल्या पदावर होते. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक शत्रुत्वातून कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी त्यांना विचारले; तेव्हा आणीबाणी चालू असेपर्यंत त्यावर न्यायालयीन उपाय नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताधिक्याने सरकारची बाजू उचलून धरण्यात आली. एकटे खन्ना विरोधात राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद नाकारले जाऊन त्याची किंमत त्यांनी मोजली. राजीनामा दिला नसता तर नरिमन यांना त्या उत्तराच्या बाजूला बसावे लागले असते.

वकीलवर्ग या काळात सर्वस्वी मूक राहिला नाही. राम जेठमलानी तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. त्यांच्यावर केरळमधून अटकेचे वॉरंट निघाले तेव्हा मुंबईत शेकडो वकील त्यांच्या वतीने न्यायालयात उभे राहिले. मुंबईच्या वकिलांना नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर एक खाजगी सभा घ्यावयाची होती. पोलीस आयुक्तांनी ती नाकारली. माजी न्यायमूर्ती नथवाणी यांनी त्याविरुद्ध अर्ज केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली. आणीबाणीच्या ऐन भरात चार भिंतींच्या आत सभा घेण्याचा हक्क वकिलांनी न्यायालयातून मिळविला. संघटनेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

भोपाळचे वकीलपत्र

आता त्या प्रसंगाकडे वळले पाहिजे, ज्याच्यामुळे नरिमन यांचे नाव हजारो गरिबांच्या तोंडी वेगळ्या अर्थाने गेले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. झोपडपट्टीतील माणसे झोपेतच मेली. जी वाचली त्यांची फुप्फुसे आणि डोळे कायमचे गेले. भारत सरकारने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि अमेरिकेत दावा लावला. तेथील न्यायाधीश कीनन यांनी १९८६ साली तो भारतातच चालावा असे ठरविले. भारतात अमेरिकन कंपनीच्या वतीने जे वकील उभे राहिले त्यांत नरिमन प्रमुख होते.

दाव्याची रक्कम ३३० कोटी डॉलर्स होती. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने १९८७ च्या डिसेंबरात ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. आणि कंपनी त्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे अचानक तडजोड झाली : ४७ कोटी डॉलर्स आणि सर्व फौजदारी कारवाईस पूर्णविराम. ज्यांचे प्राण गेले, ज्यांचे श्वास गेले, त्यांना या तडजोडीबद्दल कोणी विचारले नव्हते. १९९१ साली फेरविचारात फौजदारी माफी रद्द झाली. रक्कम मात्र तशीच राहिली. तडजोडीच्या वेळी मृतांची संख्या सुमारे तीन हजार धरण्यात आली होती. प्रत्यक्षात पाच हजारांहून अधिक मृत्यूंची भरपाई मंजूर करावी लागली, आणि भरपाई मिळालेल्यांची एकूण संख्या पाच लाखांच्या वर गेली. वाटणारे वाढले, ताट तेवढेच राहिले. रक्कम वाढवून मागणारा सरकारचा शेवटचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला.

यात वकिलाचा दोष कोणता? बार कौन्सिलचा नियम असा आहे की, वकिलाने आपल्या दर्जास आणि फीस साजेल असे येणारे वकीलपत्र स्वीकारावे; विशेष परिस्थितीत मात्र तो नकार देऊ शकतो. हा नियम उदात्त आहे. ज्याला सगळे समाज वाळीत टाकते, त्या आरोपीलाही बचाव मिळावा, हे त्याचे मूळ. दंगलीतील आरोपीला गावातला एकही वकील मिळत नाही, राजद्रोहाच्या खटल्यातील कार्यकर्त्याचे वकीलपत्र घेऊ नये असे ठराव वकीलसंघच करतात, तेव्हा हाच नियम त्याचे एकमेव संरक्षण असतो. म्हणून या नियमाची थट्टा करणे धोक्याचे आहे.

परंतु नियम ज्याच्यासाठी केला आणि त्याचा आश्रय कोण घेतो, यात अंतर पडले आहे. युनियन कार्बाइडला वकील मिळाला नसता अशी भीती कोणालाही नव्हती. जगातील कोणत्याही शहरात कितीही वकील उभे करण्याची तिची ताकद होती. वकील मिळत नव्हता तो भोपाळच्या जयप्रकाशनगरातील विधवेला. तिच्या वतीने बोलण्याचा मक्ता सरकारने घेतला आणि सरकारने तिला न विचारता तडजोड केली. नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. पण एकाची फी साजेशी असते आणि दुसऱ्याची नसते. "दर्जास आणि फीस साजेल असे" या शब्दांत सारे वर्गीय वास्तव सामावलेले आहे.

नरिमन यांच्या बाबतीत एक गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. त्यांनी पुढे या प्रकरणाविषयी मौन पाळले नाही. ते वकीलपत्र घेतले तेव्हा महत्त्वाकांक्षा मोठी होती, आणि हा नेहमीसारखा एक खटला नसून शोकांतिका आहे हे उमगेपर्यंत फार उशीर झाला होता, असे त्यांनी उघडपणे सांगितले. पुन्हा वेळ आली तर ते वकीलपत्र आपण घेणार नाही, असेही सांगितले. मोठ्या वकिलांच्या आठवणींत असा कबुलीजबाब दुर्मिळ असतो. तथापि कबुलीने भरपाई होत नाही. ज्याने १९७५ साली एका दिवसात पद सोडले, त्याच माणसाला पुढे दहा वर्षांनी भोपाळचे वकीलपत्र घेताना तोच विवेक का थांबवू शकला नाही? याचे उत्तर एका माणसाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा व्यवसायाच्या घडणीत शोधले पाहिजे. राज्यसत्तेचा जुलूम ओळखण्यास हा व्यवसाय वकिलाला शिकवितो. पैशाच्या सत्तेचा जुलूम ओळखण्यास तो शिकवीत नाही. सरकारविरुद्ध उभे राहणे ही शौर्याची परंपरा मानली जाते, कंपनीसाठी उभे राहणे हा मात्र नित्याचा व्यवसाय समजला जातो.

नर्मदा आणि कावेरी

१९९८ चा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. सरदार सरोवराच्या खटल्यात नरिमन गुजरात सरकारचे वकील होते. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९४ साली केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयात चालू होता. या धरणात महाराष्ट्रातील सातपुड्याची तेहतीस आदिवासी गावे बुडीताखाली जाणार होती. मणिबेलीचे लोक घरात पाणी शिरले तरी उठण्यास नकार देत होते. त्याच सुमारास गुजरातमध्ये ख्रिस्ती लोकांवर हल्ले सुरू झाले आणि बायबलच्या प्रती जाळण्यात आल्या. नरिमन यांनी डिसेंबर १९९८ मध्ये गुजरातचे वकीलपत्र सोडले. जे सरकार आपल्या राज्यातील अल्पसंख्यांचे रक्षण करीत नाही त्याच्या वतीने उभे राहण्यास त्यांचा विवेक तयार झाला नाही.

ही कृती मोठी होती. वकील अशिलाच्या खटल्याशी बांधलेला असतो, त्याच्या इतर वर्तनाशी नाही, असे म्हणून ते सहज पुढे गेले असते. नियमाच्या अक्षरात त्यांना कोणी दोष दिला नसता. अल्पसंख्य समाजातून आलेल्या या माणसाला आपले अल्पसंख्यत्व कधी लपवावेसे वाटले नाही, आणि त्याचा आधार घेऊन कोणाकडे सवलतही मागावीशी वाटली नाही. परंतु येथेही तोच प्रश्न उभा राहतो. बायबलच्या ज्वाळा त्यांना दिसल्या. मणिबेलीचे पाणी दिसले नाही. गुजरात सरकारचे वकीलपत्र सोडण्याचे कारण पुनर्वसनाच्या अर्धवट आश्वासनांतही होते, पण त्या कारणाने ते सुटले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक मताने धरणास अनुमती मिळाली. विरोधी मत नोंदविणारे न्यायमूर्ती भरुचा हेही मुंबईच्याच न्यायालयातून गेलेले होते.

कावेरीच्या प्रश्नावर नरिमन यांनी तीस वर्षांहून अधिक काळ कर्नाटकाची बाजू मांडली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पाणी सोडण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम कर्नाटकाने पाळला नाही, तेव्हा त्यांनी आपल्या अशिलाच्या वतीने पुढे युक्तिवाद करण्यास नकार दिला. न्यायालयाचा हुकूम मोडून पुन्हा त्याच न्यायालयापुढे दाद मागता येणार नाही, हा त्यामागील साधा विचार. कांगांच्या चेंबरमध्ये पन्नासच्या दशकात शिकविलेला धडा ऐंशी वर्षे ओलांडलेल्या शिष्याने असा पाळला. बड्या अशिलापुढे आणि राज्य सरकारपुढे मान तुकविणे ही आज वकिलीतील व्यवहारचातुरी समजली जाते. त्या पार्श्वभूमीवर ही घटना तरुणांनी ध्यानात ठेवावी.

न्यायाधीश कोण नेमणार?

वकीलसंघाचा नेता म्हणून नरिमन यांचे सर्वांत दूरगामी कार्य न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या प्रश्नावर झाले. १९८१ च्या निकालाने या बाबतीत सरकारचा शब्द अखेरचा ठरविला होता. सर्वोच्च न्यायालयातील वकिलांच्या एका संघटनेने त्याला आव्हान दिले. नरिमन यांनी तिची बाजू मांडली आणि ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने नेमणुकीतील प्राधान्य सरन्यायाधीश व त्यांचे ज्येष्ठ सहकारी यांच्याकडे आणले. आजची कॉलेजियम पद्धत तेथून निघाली. पुढे नरिमन यांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहिले की, हा खटला जिंकला खरा, पण तो हरलो असतो तर बरे झाले असते. बंद दाराआड चालणारी निवड त्यांना पटली नाही.

असे असूनही २०१५ साली राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाला विरोध करण्यासाठी ते पुन्हा उभे राहिले. या आयोगात कायदामंत्र्यांना स्थान होते आणि कोणतेही दोन सदस्य एखादे नाव रोखू शकत होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने आयोग रद्द झाला. यात विसंगती दिसते. पण १९७३ आणि १९७७ ज्यांनी जवळून पाहिले त्यांची भीती समजण्यासारखी आहे. कॉलेजियममध्ये दोष आहेत, पण सरकारच्या हाती गेलेला न्यायाधीश हा दोष नसून सर्वनाश आहे, असा हा हिशेब होता.

समाजवादी विचाराने हा हिशेब अर्धाच मानला पाहिजे. न्यायालयाचे स्वातंत्र्य म्हणजे सरकारपासून स्वातंत्र्य, हे पहिले पाऊल. सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश येण्यास १९८९ साल उजाडावे लागले. पहिला दलित न्यायाधीश १९८० साली आला. सरकारने नेमले तेव्हाही आणि न्यायाधीशांनी नेमले तेव्हाही, ज्या थरातून नेमणुका झाल्या तो थर फारसा बदलला नाही. नेमणारा कोण, या वादात वकीलसंघांनी आपली सर्व शक्ती खर्च केली. नेमला जाणारा कोठून येतो, हा प्रश्न त्यांच्या ठरावांत क्वचितच आला.

संघटना कशासाठी?

बार कौन्सिल आणि बार असोसिएशन यांत लोक गल्लत करतात. पहिली १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने निर्माण केलेली वैधानिक संस्था. सनद देणे व शिस्त राखणे हे तिचे काम. दुसरी ही वकिलांनी स्वेच्छेने उभारलेली संघटना. तिच्या हाती सनद नाही, दंड नाही; जे आहे ते नैतिक वजन. अशा संघटनेचे एकोणीस वर्षे अध्यक्ष राहणारा माणूस ते वजन कोठे वापरतो, यावर तिची किंमत ठरते. नरिमन यांनी ते प्रामुख्याने न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यासाठी वापरले, आणि आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगासारख्या संस्थांतही तीच बाजू मांडली. राज्यसभेत असताना, सभागृह बंद पाडणाऱ्या सदस्यांना त्या दिवसाचा भत्ता मिळू नये, असे खाजगी विधेयक त्यांनी आणले. अखेरच्या महिन्यांतही, डिसेंबर २०२३ मध्ये लागलेल्या कलम ३७० च्या निकालावर त्यांनी जाहीर टीका केली. वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ज्याला कोणाकडून काही मिळवावयाचे नव्हते, त्याने गप्प बसणे पसंत केले नाही.

परंतु जिल्ह्याजिल्ह्यांतील वकीलसंघ आज कशासाठी एकत्र येतात? बऱ्याचदा न्यायालयाच्या कामावर बहिष्कार टाकण्यासाठी. वकिलांना संप करण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले. तरी बहिष्कार थांबलेले नाहीत. संपाचा हक्क समाजवाद्यांना परका नाही. गिरणी कामगार संप करतो तेव्हा तो स्वतःची मजुरी पणाला लावतो आणि मालकाचा नफा थांबवितो. वकिलाच्या बहिष्कारात कच्च्या कैदेतील माणसाचा जामीन लांबतो, पोटगी मागणाऱ्या स्त्रीची तारीख पुढे जाते. ज्याच्याशी भांडण आहे त्याला धक्का लागत नाही. या कृतीला संप म्हणणे हा कामगारांच्या शस्त्राचा अपमान आहे.

आणीबाणीतच, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, मोफत कायदेशीर साहाय्याचे ३९-अ हे कलम घटनेत आले, हा इतिहासातील एक विरोधाभास. ज्या सरकारने श्रीमंत-गरीब सर्वांचीच न्यायालयाची दारे बंद केली, त्यानेच गरिबाला ती उघडून देण्याचे अभिवचन लिहून ठेवले. ते पाळण्यासाठीचा कायदा १९८७ साली झाला आणि १९९५ साली अंमलात आला. आजही तालुक्याच्या न्यायालयात हे काम बहुधा नवख्या किंवा कामच नसलेल्या वकिलावर सोपविले जाते. ज्येष्ठ वकिलाने वर्षातून ठराविक खटले फी न घेता चालवावेत, असा दंडक वकीलसंघ स्वतःवर घालून घेऊ शकतात. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही. बार कौन्सिलच्या नियमातील "फीस साजेल" या शब्दांना यापेक्षा चांगले उत्तर नाही.

मित्रहो, नरिमन यांच्या आयुष्याकडे पाहून कोणी त्यांची मूर्ती करू नये आणि भोपाळचे नाव घेऊन कोणी त्यांना मोडीतही काढू नये. नकार देण्याचा अधिकार वकिलाला आहे, हे त्यांनी तीनदा दाखवून दिले. आणि नकार न दिल्यास काय घडते, हेही त्यांच्याच एका वकीलपत्राने दाखवून दिले. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या तरुणाकडे युनियन कार्बाइड येणार नाही. त्याच्याकडे आदिवासीची जमीन लाटणारा सावकार येईल, कामगारांचे थकलेले पगार बुडवू पाहणारा कारखानदार येईल, आणि त्याच दिवशी दाराशी ती जमीन गेलेला किंवा तो पगार न मिळालेला माणूसही उभा असेल. फी पहिल्याकडे असेल. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी क्षणभर थांबून कोणाला वकील मिळणारच आहे आणि कोणाला मिळणार नाही, एवढा विचार त्याने केला, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे समजावे.